लोकरकाकांची थंडी

हिमयुगापासून मानवजात थंडीशी झुंजत आली आहे, आणि या झुंजीच्या इतिहासात शहापूर तालुक्याचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. हे मत माझं नव्हे, माझ्या घरमालकांचं. नाव नेमकं कशाबद्दल घ्यायचं, हे मात्र पुष्कळ वर्षं त्यांनाही सांगता येत नव्हतं. शहापुरात पौषातल्या कडाक्याच्या पहाटे माणसं कानाला फडकं बांधून वालाच्या शेतात निघत, आणि ऊन वर आलं की तेच फडकं सोडून खांद्यावर टाकत. आमचा हिवाळा एवढाच.

शाळेत मास्तरकी मिळाली म्हणून मी शहापुरात गेलो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. बाजाराच्या मागच्या आळीत एक खोली मिळाली. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी घरमालक ओटीवर येऊन बसले तेव्हा मला वाटलं, हे कुठल्या तरी लांबच्या प्रवासाला निघाले आहेत. सगळ्यांत आत जाळीची गंजी, तिच्यावर लोकरी गंजीफ्रॉक, त्यावर फ्लॅनेलचा सदरा, सदऱ्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, वर गळाबंद कोट. डोक्याला माकडटोपी. पायांत मोज्यांचे दोन जोड. कमरेखाली मात्र साधं धोतर. एवढ्या बंदोबस्तात धोतर कसं, असं मी पुढे ओळख वाढल्यावर विचारलं.

"धोतराला निऱ्या असतात," ते म्हणाले. "निऱ्यांत हवा असते. माणसाला कापड ऊब देत नाही मास्तर, कापडात अडकलेली हवा देते. हे ज्याला कळलं नाही तो जाड घोंगडीतही मरतो."

हा सगळा जामानिमा पाडव्याला अंगावर चढे आणि होळीला उतरे. मधल्या दिवसांत उकाडा झाला, आभाळ आलं, दुपारी गुरं सावलीला जाऊन बसली, तरी त्यात फरक होत नसे. गावात त्यांना लोकरकाका म्हणत, काही तोंडावर, बाकीचे मागे. ते गल्लीत शिरले की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येई, मग ते येत.

त्यांचा आवाजही येई. फार थंडी आहे असं वाटलं तर ते कोट आणि स्वेटर यांच्यामध्ये वर्तमानपत्राचे कागद घालत. कागद वारा अडवतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण शहापुरात अडवण्याजोगा वारा फारसा नसे. त्यामुळे देवळात कीर्तन चालू असताना त्यांनी मांडी बदलली की सगळं देऊळ खसखसे, आणि बुवा क्षणभर थांबून पाहत. संध्याकाळी ते कागद बाहेर निघाले की मी वाचायला मागून घेई. मुंबईचं वर्तमानपत्र मला शहापुरात असं उबदार आणि आठवडाभर शिळं मिळत असे.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याकडे हवामानाकडे पाहावं तसं पाहत. त्यांचा नियम एकच होता. "चुलीपाशी यायचं नाही. कागद-बिगद घालून याल आणि पेटाल. मग मला म्हणतील, नवऱ्याला पेटवलंन."

काकांनी मला एकदा प्रयोग दाखवायचं ठरवलं. दोन तांबे कढत पाण्याचे भरले. एकाभोवती जाड गोधडी गुंडाळली, दुसऱ्याभोवती तीन जुन्या लुगड्यांचे पातळ थर, सैलसर. दोन तासांनी कुठलं पाणी जास्त गरम राहतं ते मी साक्षीदार म्हणून बोट बुडवून पाहायचं होतं. दोन तासांनी आम्ही परसात गेलो तेव्हा दोन्ही तांबे रिकामे होते. काकूंनी त्या पाण्यानं आंघोळ केली होती.

"कुठलं जास्त गरम होतं?" काकांनी विचारलं.

"दोन्ही एकत्र केलं," काकू म्हणाल्या. "विसण घालावं लागलं."

यावर काका मला म्हणाले की निष्कर्ष आपल्या बाजूचाच आहे, फक्त कुठल्या तांब्यानं काढला ते कळलं नाही.

गावातल्या बहुतेकांची समजूत अशी होती की काकांनी आपलं तरुणपण काश्मीरकडे किंवा क्वेट्ट्याला काढलं असणार. मीही तसंच धरून चाललो होतो. एकदा मी त्यांना विचारलं, बर्फ पडतो तेव्हा आवाज येतो का?

"मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "मी पाहिलाय कुठे? वर इगतपुरीपर्यंत गेलोय. तेही एका लग्नाला, वैशाखात."

यात त्यांना काही कबूल केल्यासारखं वाटलं नाही. आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. पहिल्या लढाईच्या वेळी ते मुंबईला गोदीजवळ लष्करी कपड्यांच्या गुदामात कारकून होते. थंड मुलखात जाणाऱ्या शिपायांचे लोकरी कपडे पेट्यांत भरून रवाना करायचे, हे काम. दर पेटीत वरच एक छापील कागद ठेवायचा असे. कुठला कपडा आत, कुठला बाहेर, पाय कसे सांभाळायचे, बोटं सुन्न झाली तर काय करावं आणि काय करू नये. काकांनी तो कागद इतक्या पेट्यांत घातला की तो त्यांना पाठ झाला. पुढे परतीच्या बोटींतून माणसं उतरू लागली. त्यांतल्या काहींच्या पायांना पट्ट्या होत्या आणि त्या पट्ट्यांतले पाय पुढून आखूड होते. काकांनी एका साताऱ्याकडच्या माणसाला विचारलं की पेटीत कागद होता तो वाचला नाही का. तो म्हणाला, "होता की. इंग्रजी होता. आम्ही त्याच्यावर विस्तव पेटवला."

ही गोष्ट काकांनी मला एकदाच सांगितली, आणि तीही मोजे घडी करता करता. पण तेव्हापासून पाडव्याच्या पोशाखाला मी निदान तोंडावर हसलो नाही.

दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा गावात दोन माणसं कामाला लागली. एक आमचे रावसाहेब. त्यांनी तालुक्यात रंगरूट भरतीला मदत करून ही पदवी मिळवली होती आणि जाणाऱ्या प्रत्येक रंगरुटाला कचेरीसमोर मांडव घालून निरोप देण्याचा त्यांचा परिपाठ होता. भाषण एकच होतं, नाव बदलत असे. दुसरे काका. त्यांच्याकडे ना पदवी ना मांडव. ते नुसते वाट पाहत होते की कुणी तरी थंड मुलखात जाईल.

मुरबाडच्या वाटेवरच्या एका गावातली ठकूबाई काकूंकडे दूध घालायची. तिचा थोरला मुलगा धोंडू लष्करात ट्रक चालवायला भरती झाला. त्याआधी तो एका शेठच्या भाताच्या लॉरीवर होता. देवळालीच्या छावणीत शिकून तो चैत्रात रजेवर आला आणि एक दिवस ठकूबाई दुधाचा चरवा खाली ठेवून काकूंना म्हणाली,

"काकू, पोराला तिकडं लोकरीचे कपडे दिलेत. सगळ्यांनाच दिलेत म्हणं. इतका गरम कपडा कशाला दिला असंल?"

काका ओटीवर होते. होळी होऊन गेल्यामुळे ते साध्या सदऱ्यात होते आणि जरा ओकेबोके दिसत होते. ते ताडकन उठले. "कपडे दिले? कुठे आहेत?"

"ट्रंकेत घातलेत," ठकूबाई म्हणाली. "चांगले हायत. धाकट्याच्या लग्नाला व्हतील. लढाईत नेऊन मळवायचे व्हय?"

 काका म्हणाले, "उद्या त्याला घेऊन ये. ट्रंकेसकट."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडू आला. उंच, काटक, तेविशी-चोविशीचा माणूस. ट्रंक उघडली. जाळीची गंजी, दोन लोकरी गंजीफ्रॉक, फ्लॅनेलचा सदरा, एक स्वेटर, तीन जोड मोजे, हातमोजे, कानटोपी, जाड ओव्हरकोट. काकांनी एकेक वस्तू हातात घेऊन उजेडात धरली, शिवणीवरून बोट फिरवलं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी ज्या वस्तू पेटीत भरल्या होत्या त्यांचीच ही पुढची पिढी होती, आणि ती कशी निघाली आहे हे ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं पाहत होते.

"घाल," ते म्हणाले. "तुझ्या मनानं घाल."

धोंडूनं आधी अंगातल्या सुती सदऱ्यावर ओव्हरकोट चढवला, त्यावर ताणून ताणून स्वेटर घातला, आणि मोजे खिशात ठेवले.

"स्वेटर वर का?"

"नवा हाय," धोंडू म्हणाला. "आत घातला तं दिसंल कुणाला?"

"आणि मोजे?"

"ते ठेवलेत. बूट नवे हायत ना, मोजा खराब व्हईल."

त्या दिवसापासून रजा संपेपर्यंत रोज सकाळी आमच्या ओटीवर शिकवणी चाले. मी शाळेत जायच्या आधी थोडा वेळ बसून ती ऐकत असे. माझ्या वर्गात मी शिकवत असे त्याहून ही चांगली होती, कारण इथे पोरगं नापास झालं तर काय होईल हे शिकवणाऱ्याला माहीत होतं.

काकांनी मूळच्या इंग्रजी कागदाचं मराठी केलं होतं, तेही तोंडी. लोकर आत, जाळीच्या गंजीला लागून. कापूस शक्य तो नको, तो घाम धरून ठेवतो. दोन सैल कपडे एका घट्ट कपड्यापेक्षा बरे. बूट घट्ट झाला तर मोजा एक कमी कर, बोटं हलली पाहिजेत. ओला मोजा तसाच ठेवू नकोस, पिळून पोटाशी धर, तिथे वाळतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, घाम फुटायच्या आधी एक कपडा उतरव. घाम फुटला, मग तो गार झाला, की लोकर असून नसून सारखी.

"ओला माणूस अर्धा गेलेला असतो," काका म्हणत. "म्हण."

"ओला मानूस अर्धा गेलेला," धोंडू म्हणे.

"पुढचा अर्धा कुणाच्या हातात?"

"माझ्या."

धोंडू हे सगळं पटापट शिकला. लॉरीवर काम केल्यामुळे कुठला भाग कशाच्या आत बसतो याची त्याला समज होती. गाडी अडली ती एकाच ठिकाणी.

"समजा पाय सुन्न पडले," काकांनी विचारलं. "टोचलं तरी कळत नाही. मग काय करशील?"

"शेकीन की," धोंडू म्हणाला. त्यात विचारण्यासारखं काय आहे हे त्याला कळेना. आमच्याकडे माणूस जन्मल्यापासून शेकोटीशी बसतो. खळ्यावर भात झोडताना, राखणीला बसताना, नुसत्या गप्पा मारताना. तळवे निखाऱ्यांच्या इतके जवळ नेतात की पाहणाऱ्याला चटका बसावा. चटका बसला की पाय मागे, गार वाटलं की पुढे. तळव्याला सगळं कळतं.

"सुन्न पायाला कळणार नाही," काका म्हणाले. "तो निखाऱ्यात जाईल आणि तू गप्पा मारत बसशील. सकाळी बोटं काळी. मग डॉक्टर कापणार."

ठकूबाई उंबऱ्याशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मग पाय गरम करायचे कशावर?"

"दुसऱ्याच्या पोटावर," काका म्हणाले.

धोंडू हसला. मग काका हसत नाहीत हे पाहून त्यानं हसणं थांबवलं.

"उघड्या पोटावर. कपड्याच्या आत. तू त्याच्या पोटावर पाय ठेवायचे, मग त्यानं तुझ्या. शेकायचं नाही, चोळायचं नाही. बर्फानं चोळा असं दुसऱ्या एका कागदात होतं, पण तो कागद मला तेव्हाही पटला नव्हता."

आणि मग ते ओटीवर चटई टाकून उताणे झाले, सदरा वर केला आणि म्हणाले, "आण पाय."

ठकूबाईनं तोंडाला पदर लावला. धोंडू दोन पावलं मागे सरकला. "काका, काय पन सांगताव. मना नाय जमायचं."

"का?"

"तुमी वडील मानूस. तुमच्या पोटावर पाय? लोक काय बोलतील? देव काय बोलंल?"

"देवाला मी सांगतो. तू पाय आण."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, निदान आळीचं दार तरी लावा."

मी आळीचं दार लावलं. पाय गार असल्याशिवाय शिकवणीला अर्थ नाही म्हणून काकांनी विहिरीचं पाणी काढायला लावलं होतं. धोंडू बादलीत पाय बुडवून बराच वेळ बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. शेवटी त्यानं डोळे मिटून उजवा पाय पुढे केला. पाय काकांच्या पोटाला लागला मात्र, तो विजेचा झटका बसल्यासारखा मागे झाला, वाकून त्यानं काकांच्या पोटाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. कुणाला पाय लागला की आपण सगळे करतो तो नमस्कार.

"हे काय?" काका म्हणाले.

"पाय लागला ना."

"लागायलाच हवा. तेच तर औषध आहे. पुन्हा."

पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार. दर वेळी पाय पोटावर क्षणभर टेके आणि नमस्काराला दुप्पट वेळ जाई. तिसऱ्या-चौथ्या खेपेला काका उठून बसले.

"हे बघ. नमस्कार करायचा नाही असं मी म्हणत नाही. पण आधी पाय ऊन होऊ दे. बोटं हलायला लागली की मग हवे तेवढे नमस्कार कर. नमस्कारासाठी पाय काढलास तर ऊब गेली. कळलं?"

या तडजोडीवर धोंडू तयार झाला. त्यानं दोन्ही पाय काकांच्या पोटावर ठेवले आणि भिंतीकडे पाहत बसला. चैत्रातली सकाळ होती, बाहेर ऊन रणरणायला लागलं होतं, आणि विहिरीच्या पाण्यानं काकांच्या अंगावर काटा आला होता, दातावर दात वाजत होते. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली खरी थंडी. मी त्यांना इतकं समाधानी कधी पाहिलं नव्हतं.

वेळ पुरेसा झाल्यावर धोंडूनं पाय काढले, मग वाकून पोटाला हात लावला, मग कपाळाला. "बरोबर," काका म्हणाले.

रजेच्या शेवटच्या दिवशी रावसाहेबांचा मांडव होता. काकांनी रावसाहेबांना गाठून विनंती केली की धोंडूला पूर्ण थंडीच्या पोशाखात उभं करू द्या, इतर रंगरुटांनाही दिसेल. रावसाहेबांना कल्पना आवडली. ओव्हरकोट घातलेला जवान शेजारी उभा असेल तर भाषणाला वजन येईल असं त्यांना वाटलं असावं.

भाषणाला सुरुवात झाली. मांडवाचं कापड पातळ होतं आणि ऊन डोक्यावर आलं होतं. रावसाहेब सह्याद्रीच्या कड्यांवर आले तेव्हा धोंडूनं ओव्हरकोटाची बटणं सोडली, कोट काढला आणि नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. लोकांना वाटलं कोट पुढे काही दाखवायला लागणार असेल. रावसाहेब हिमालयाकडे वळले तेव्हा स्वेटर उतरला. कर्तव्याच्या धगधगत्या ज्योतीपर्यंत पोचेतो धोंडूनं कानटोपी आणि हातमोजे काढून फ्लॅनेलच्या सदऱ्याला हात घातला. पहिल्या रांगेत बसलेले काका दर कपड्याला मान डोलवत होते. आता मागची पोरं हसायला लागली. रावसाहेबांना वाटलं भाषण रंगतंय, म्हणून त्यांनी ते वाढवलं. शेवटच्या जयजयकाराला जवान जाळीच्या गंजीत उभा होता, कोरडा ठणठणीत, आणि बाजूच्या खुर्चीवर लष्कराची सगळी लोकर घडी करून ठेवलेली होती.

"हे काय केलंत तुम्ही?" रावसाहेब नंतर काकांना म्हणाले.

"मी काही केलं नाही," काका म्हणाले. "घाम फुटायच्या आधी उतरव, एवढं सांगितलं होतं. तुम्ही लवकर संपवलं असतंत तर स्वेटरवर भागलं असतं."

आसनगावच्या स्टेशनावर आम्ही त्याला पोचवायला गेलो. गाडी हलताना काकांनी खिडकीतून एकच सांगितलं. "मोजे जपून ठेवू नकोस."

त्यानंतर दोन वर्षं ठकूबाई दूध घालायला आली की काकू चरवा आत घेत आणि ठकूबाई ओटीच्या पायरीवर थांबे. विचारायची रीत ठरलेली होती.

"काय खबर?"

"खुशाल आहे म्हणतो," काका सांगत. धोंडूचं पत्र आमच्याकडे येई आणि मी वाचून दाखवी. धोंडू इटलीत आहे एवढं बाहेरून कळलं होतं. पत्रात तो मी खुशाल आहे, तुमी खुशाल असा, आईला नमस्कार, एवढंच कळवी. इकडे थंडी आहे, असं एका पत्रात होतं. त्या रात्री काकांना झोप लागली नाही असं काकू म्हणाल्या. उत्तरात काका दर वेळी लिहायला लावत की पायांबद्दल स्पष्ट कळवावे. पायांबद्दल कधीच काही येत नसे. लष्करातली पत्रं वाचून मगच पुढे सोडतात, तेव्हा एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्यानं शहापूरच्या कुणा म्हाताऱ्याला परक्या माणसाच्या पायांची इतकी चौकशी का, याचा विचार केला असेल तर नवल नाही.

एकदा ठकूबाई म्हणाली, "काका, त्याचे पाय गेले तरी चालंल. तो आला पायजे."

"पायही येतील," काका म्हणाले. पण त्या हिवाळ्यात त्यांनी कागद घालायचे सोडले, आणि देवळात मांडी बदलली तरी आवाज येईना.

लढाई संपल्यावरच्या वर्षी, गणपती उठल्यावर, धोंडू आला. आसनगावहून टांगा थेट आमच्या दारात थांबला, कारण आई सकाळच्या वेळी इथेच सापडणार हे त्याला माहीत होतं. ठकूबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडायला लागली. काका मागे उभे होते. तिचं झाल्यावर ते पुढे आले.

"बूट काढ," ते म्हणाले.

धोंडूनं पायरीवर बसून बूट काढले, मग मोजे. मोजे विरलेले होते, टाचांना भोकं पडलेली. काकांनी त्यांच्याकडे आधी समाधानानं पाहिलं. मग खाली बसून दोन्ही पाय हातात घेतले आणि एकेक बोट दाबून पाहिलं. दोन नखं काळी पडली होती. बोटं सगळी होती.

"सांग," ते म्हणाले.

धोंडूनं सांगितलं. डोंगरातला रस्ता, पुढे बर्फानं बंद झालेला. ट्रक सोडून ते गुरांच्या एका दगडी गोठ्यात शिरले. सात-आठ जण, बहुतेक पंजाबी. बूट ओले, पाय लाकडासारखे. एकानं गोठ्याचं दार मोडून शेकोटी केली.

"मी पन पाय पुढं केले," धोंडू म्हणाला. "इतकं बरं वाटलं बगून. मग तुमी आठवलाव. उताने पडलेले."

शेजारी लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, बसला होता, पोटाचा घेर मोठा असलेला. धोंडूनं त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. लांगरी आधी चिडला, मग त्याला स्वतःचे पाय कळेनासे झाले तेव्हा ऐकलं. धोंडूनं त्याच्या सदऱ्याच्या आत पाय घातले. बोटं हलायला लागल्यावर पाय काढले, आणि त्याच्या पोटाला हात लावून कपाळाला लावला. मग लांगरीनं धोंडूच्या पोटावर पाय ठेवले आणि ते झाल्यावर त्यानंही तसाच हात लावला, पोटाला आणि मग कपाळाला.

"मना वाटलं हा चेष्टा करतो. पन तो करीत नव्हता. त्याला वाटलं ती औषधाचीच रीत. मग बाकीच्यांनी पन तसंच केलं. एक साहेब व्हता आमच्यात, गोरा. त्यानी पन केलं. माझ्या पोटाला."

दोघं जण मात्र शेकोटीपाशीच राहिले होते. आम्ही असल्या गोष्टी करीत नाही असं ते म्हणाले. त्यांना सकाळी उचलून न्यावं लागलं. एकाची पुढची सगळी बोटं काढली असं धोंडूला नंतर कळलं. दुसऱ्याचं काही कळलं नाही.

 काकांनी अजून पाय सोडले नव्हते.

"नमस्कार आधी की नंतर?" त्यांनी विचारलं.

"नंतर."

"बरोबर," काका म्हणाले आणि उठून आत गेले. काकूंनी मला नंतर सांगितलं की ते परसात जाऊन बराच वेळ विहिरीचं पाणी काढत होते आणि झाडांना घालत होते, पाऊस नुकताच उघडलेला असताना.

रावसाहेबांनी सत्काराचं मनावर घेतलं. या वेळी जिल्ह्याहून कुणी मोठे साहेब यायचे होते, त्यांची तारीख मिळेना, म्हणून समारंभ पौषापर्यंत लांबला. कचेरीसमोर पुन्हा मांडव पडला. 'हिमालाही नमविणारा शहापूरचा सुपुत्र' असा फलक रंगवून लावला होता. काका पूर्ण पोशाखात पहिल्या रांगेत होते, कागदांसकट. इतिहासात तालुक्याचं नाव कशासाठी घालायचं हा प्रश्न आता सुटला होता, आणि रावसाहेब ते घालतही होते. युरोपच्या बर्फातून एकही बोट न गमावता परतलेल्या या वीराच्या चरणांकडे पाहा, असं ते म्हणाले आणि त्यांनी हात केला.

खुर्ची रिकामी होती. हार घ्यायला ठकूबाई पुढे आली. धोंडू का आला नाही असं जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की तो घरी खाटेवर पडून आहे. बर्फातून आल्यापासून त्याच्या बोटांना नीट कळत नाही, आणि परवा खळ्यावर गप्पा मारताना त्याचा पाय शेकोटीत गेला. उजव्या पायाचा अंगठा भाजलाय, त्याला खोबरेल लावलंय.